श्रीपादबाबांचा नारळ

आमचे शेजारी श्रीपादबाब कलिंगड विकत आणत, पण कापत नसत. चार दिवस त्याला टिचक्या मारत, कान लावत, हातात धरून तोलत. पाचव्या दिवशी ते मेजावर आपणहून फुटे. मग समाधानानं म्हणत, "बघा वयनी, पिकलेलंच होतं."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत. शिरगावच्या एका खाणीच्या लॅबात त्यांनी जन्म काढला. खाणीतला दगड आला की फोडायचा, कुटायचा, चाळायचा, भाजायचा, आणि आत लोखंड किती, पाणी किती ते सांगायचं. तीस वर्षं कुटून कुटून माणूस विटला असावा. "फोडून कोणूय सांगतलो!" हे त्यांचं पालुपद. फोडून काय, कोणीही सांगेल. न फोडता सांगा, तर तुम्ही खरे. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की त्याच्या उंड्यांवर टकटक करून हे त्यालाच त्याची भट्टी किती तापली होती ते सांगायचे. पोदेरानं शेवटी आमच्या आळीत भोंगा वाजवायचंच सोडलं.

तेव्हा कोकणी की मराठी यावरून अख्खा गोवा भांडत होता. आमच्या एका घरात तीन मतं होती. श्रीपादबाबांना कोणी विचारलंच, तर म्हणत, "आतून बघितल्याबगर कसं सांगू?" दोन्ही बाजूंनी त्यांना घरी बोलवायचं बंद केलं.

पुढे कुठल्याशा मासिकात त्यांनी त्या चुंबकाच्या यंत्राबद्दल वाचलं. वस्तू आत ठेवायची, रेडिओसारख्या लहरी सोडायच्या, की आतलं पाणी उत्तर देतं आणि चित्र उमटतं. मला वाटायचं, ते माणसाच्या मेंदूसाठी. "मेंदू कसला घेऊन बसल्यात, वयनी!" परदेशात म्हणे त्यात चीज घालून आतली भोकं बघतात. आंब्याच्या बाठ्यातला किडा बघतात. लाकूड आतून किती ओलं, खडकात तेल कुठं मुरलंय, सगळं न फोडता. हे सांगण्याआधी ते कमरेच्या लोखंडी चाव्या काढून जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवायचे. यंत्र समुद्रापलीकडे, पण त्याला लोखंड चालत नाही ना! "आपल्या डिचोलीत आणलं तर शिरगावचा डोंगर चालत येईल," असं ते सांगत, आणि मी उगाच बाहेर बघून घ्यायची.

त्यांच्या देवघरात एक नारळ होता. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्यांचा अनिल बोटीवर नोकरीला गेला, तेव्हा सुलभानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गाऱ्हाणं घालून ठेवलेला. पोरगा सुखरूप आला की वाढवायचा. दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. सुलभाही गेली. नारळ राहिला. असा नारळ कुजका निघाला तर... हे वाक्य आमच्याकडे कोणी पुरं करत नाही. गावच्या नारळांना टिचक्या मारणारे श्रीपादबाब ह्याला मात्र बोट लावत नसत. "यंत्र येऊ दे. पहिला हाच घालायचा."

आणि काही वर्षांनी पणजीला एका दवाखान्यात ते यंत्र खरंच आलं. माझा भाचाच तिथं कामाला. मी त्याला गाठलं. "मावशी, नारळ काय, कोहळासुद्धा घालतो," तो म्हणाला, "पण मोठे डॉक्टर जेवायला गेल्यावर."

मी पदर सावरत बातमी द्यायला धावले. श्रीपादबाबांनी चाव्या काढल्या, जनेलात ठेवल्या, पुन्हा कमरेला लावल्या.

"ते माणसांचं. नारळाचं वेगळं असतं."

"अहो, तुम्हीच म्हणत होतात ना, चीज घालतात!"

"चीज मऊ."

"आणि आंब्याचा बाठा?"

"आमच्या नारळावर खाणीची धूळ बसलीय. लोखंड चालत नाही."

"धुऊया की!"

"धुतला तर सुलभाचं गाऱ्हाणं धुवून जाईल."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मग राहू दे तुमचं यंत्र! इतक्या वर्षांत पाणी आटून आत गोटा सुटला असेल. चांगला असला तर हलवला की खुडखुड वाजेल. शेंबड्या पोरालाही कळतं हे." मी सरळ हात पुढे केला.

श्रीपादबाब माझ्या आणि देवघराच्या मधे येऊन उभे राहिले.

"आणि वाजला नाही तर, वयनी?"

मी हात मागे घेतला. घरी आले. भाच्याला कळवलं, नारळाला सवड नाही.

अजून श्रीपादबाब हळर्णला बहिणीकडे गेले की दिवा लावायला मी जाते. नारळाभोवतीची तांबडी धूळ पुसते. नारळ जागचा हलवत नाही. आणि आत पाऊल टाकण्याआधी कमरेच्या चाव्या काढून जनेलात ठेवते.