टिपणिसांची पहिली सरळ बीड

सूर्यकांत टिपणिसांच्या फाटकाची वरची बिजागरी निखळली, तेव्हा वेल्डरला बोलवायचं सोडून त्यांनी ठरवलं, आपणच जोडू. (सगळं बिनसलं ते इथूनच.)

गोष्ट सत्त्याण्णव सालची. टिपणीस आखातातल्या उम्म अल कुवैनच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत परचेस ऑफिसर. वेल्डिंगची तार त्यांनी रिळांनी विकत घेतली होती, वितळवली मात्र कधीच नव्हती. तरी मॅनेजर अन्वरीसाहेबांना सांगून बसले होते, "मला प्रॉडक्शनला घ्या, वेल्डिंग येतं मला." साहेबांनी हसत हसत वर्कशॉपमधलं वेल्डिंगचं मिग मशीन त्यांच्या घरी धाडलं. "जुम्मे को खाने पे आऊंगा, तब देखूंगा. यल्ला!"

शुक्रवारी टिपणीस काळा मुखवटा चढवून भंगार पट्ट्यांवर सरावाला बसले. पहिली बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, ओळीने लाडू मांडल्यासारखी निघाली.

"बीड सरळ येत नाही गं!" ते कण्हले.

"बीडहून आता आणखी कोण येतंय?" शोभनाताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "कुकर मोजकाच लावलाय मी!"

दुसऱ्या बीडला भोकंच भोकं. मुलगी ईशानी वाकून म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक चीज." शोभनाताईंना मात्र हेवा वाटला. "माझ्या अनारशांना मेली अशी जाळी कधी पडत नाही!"

दोष वाऱ्याचा होता. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून मशीन सोडतं तो गॅस समुद्रावरचा वारा उडवून नेत होता. मग शोभनाताई कणकेची परात ढालीसारखी धरून, पाठ फिरवून, डोळे घट्ट मिटून उभ्या राहिल्या. टिपणिसांनी फाटक लावून घेतलं, बिजागरीवर नेम धरला, श्वास रोखला आणि हात ओढला. मुखवटा वर करून बघतात तर काय! सरळ, चकचकीत, लाटेला लाट लागलेली बीड! फक्त उत्साहाच्या भरात ती बिजागरी ओलांडून खांबावरून थेट फाटकावर चढली होती.

बीड निवते न निवते तोच बाहेर हॉर्न वाजला. अन्वरीसाहेब, सोबत बेगम. टिपणिसांनी फाटक ओढलं. हलेना. साहेबांनी बाहेरून ढकललं. हलेना. साहेब मात्र गजांमधून बीड निरखत राहिले.

"माशाल्ला! क्या पकड़ है! टिपणीस, तुमको प्रॉडक्शन में लेना पड़ेगा."

टिपणीस वीतभर फुगले. "सर, शिडी लगाता हूं, आप लोग दीवार से आइए ना!"

"अहो, बेगमसाहेबांना शिडी?" शोभनाताई कडाडल्या. "जेवण निवतंय तिकडे! सरका बाजूला."

"शोभना, हात लावू नकोस! त्यात माझी बढती आहे!"

शोभनाताईंनी पदर खोचला आणि फाटकाला एकच हिसका दिला. टण्! फाटक सताड उघडलं. बीड जुन्या रंगावर नुसती बसली होती, खालच्या लोखंडाशी तिची ओळखही झाली नव्हती.

सगळे आनंदाने आत आले. फाटक उघडल्याचं दुःख झालेला माणूस तिथे एकच होता. अन्वरीसाहेबांनी खाली पडलेली बीड रुमालाने उचलली, अख्खी, जशीच्या तशी, आणि टिपणिसांच्या तळहातावर ठेवली.

"रख लो, हबीबी," ते मायेने म्हणाले. "परचेस में कागज़ बहुत उड़ते हैं."