डाव्या हातातली तलवार

मे महिन्यात, यवतमाळच्या उन्हात, भास्करभाऊ गावंडे व्हरांड्यात बसून डाव्या हातात लोकरीचा जाड हातमोजा घालून फासा टाकत होते. फासा तिपाईवरून घरंगळून खाली पडायचा, भाऊ वाकून उचलायचे, वहीत नोंद करायचे आणि घाम पुसायचे.

"भाऊ, हे काय?" मी भाजीची पिशवी खाली ठेवून विचारलं.

"चाचणी चालू हाय, वहिनी."

मी पिशवी उचलली. आमच्या गल्लीत त्यांना याहून जास्त कोणी विचारत नाही.

भाऊ भूमापन खात्यात आहेत. दिवसभर लोकांच्या शेतांच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, वाद मोजायचे, संध्याकाळी एकट्याचा स्वयंपाक. रविवारी चार वाजता मात्र त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ असतो. भाऊ गोष्ट सांगतात, आम्ही तिच्यातली माणसं होतो, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वरच्या मजल्यावरची पल्लवी, कॉलेजात शिकवते, ती ढालवाली सरदारीण. माझा नवरा अरुण दोन हातांत दोन तलवारी घेऊन लढतो. मी वैद्य, आणि जखमांची वही माझ्याकडे.

दोन वर्षं भाऊंचा जीव त्या दोन तलवारींत अडकला होता. दोन तलवारींना दोन वार दिले तर ढाल घेणार कोण? डाव्या हाताचा नेम कमी केला तर अरुण कुरकुरणार. "तोल पाह्यजे, वहिनी, तोल," असं म्हणत त्यांनी हा नियम नऊ वेळा बदलला. एक नियम मात्र कधी हलला नाही: फासा टेबलाखाली गेला की वार बाद. एकदा पल्लवीचा फासा फ्रिजखाली गेला. भाऊंनी बॅटरी लावून पाहिलं. वीस पडले होते, सगळ्यात वरचा आकडा. "लय सुंदर पडला," म्हणाले, आणि वार धरला नाही.

फेब्रुवारीत अरुणला लकवा झाला. चालणं परतलं, बोलणं परतलं, डावा हात नाही. व्यायाम दिवसातून चारदा. मी तक्ता करून फ्रिजवर लावला. एकाही चौकटीत खूण झाली नाही. मी आठवण करून दिली की अरुण म्हणायचा, "मले याद्या नको दाखवू." खेळही सुटला. मेच्या शेवटच्या रविवारी पल्लवीने त्याला जवळजवळ ओढूनच नेलं, पुलावरची लढाई अर्धी राहिली होती म्हणून.

बसल्याबरोबर भाऊंनी नवा नियम वाचला. "डाव्या तलवारीचा वार पाह्यजे असन, तर फासा डाव्या हातानं टाका लागते."

माझे कान तापले. "भाऊ, जरा बाहेर या," मी म्हणाले.

"नियम सगळ्याइले एकच हाय, वहिनी." त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

"मंग मी ढाल घेतो," अरुण म्हणाला.

"ढाल पल्लवीची हाय."

खेळ सुरू झाला. पुलावर भालेकरी पल्लवीवर चालून आला. तिचे तीनच प्राण उरलेत हे माझ्या वहीत होतं. अरुणचा उजवा वार हुकला. डावा शिल्लक होता.

अरुणने मांडीवरचा हात पाहिला. मग उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. बोटं फाशाभोवती इतकी हळू मिटली की मी दुसरीकडे पाहिलं. फासा सुटला, काठावरून खाली पडला. पल्लवीने डोळे मिटले.

भाऊंनी पान उलटलं. "खाली पडला तर पुन्हा टाका लागते. कितीकबी खेपा."

"हे कवापासून?" पल्लवीने डोळे उघडले.

"आजपासून."

"आन माहे फ्रिजखालचे वीस?"

"तवा नियम येगळा होता."

दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा अरुणच्या कपाळाची शीर उठली. मी पदर मुठीत धरून बसले. पाचव्यांदा फासा टेबलावर थांबला. सात.

"हुकला," भाऊ म्हणाले. भालेकऱ्याचा भाला लागला, पल्लवी नदीत पडली.

"मले पोहता येते, लिहून घ्या, ताई."

मी लिहून घेतलं. अरुण फाशाकडे पाहत होता. "भास्कर, माही पाळी परत कवा?"

"पल्लवीनंतर."

पल्लवी किनाऱ्याला लागेपर्यंत अरुणने फासा डाव्या मुठीतून सोडला नाही.

नंतर चहा होईपर्यंत नवा नियम उतरवून घ्यायला मी भाऊंची वही ओढली. पानंच्या पानं भरली होती. हातमोजा, खाली. हातमोजा, खाली. हातमोजा, टेबलावर. शेवटी, धुऱ्याच्या नकाशावर लिहितात तशा बारीक अक्षरात: "अरुणले चार-पाच खेपा लागतीन. तवरीक भालेकऱ्यानं थांबाचं."