उपरण्याखालचं पारितोषिक

सावद्याच्या चित्रपट रसिक मंडळाचं यंदाचं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक कोणाला मिळणार, हे रतिलाल फेगडे सरांना मतदानाच्या तीन आठवडे आधीच ठाऊक होतं; कारण 'आपली एकमताने निवड झाली आहे' असं पत्र त्यांनी स्वतःच जयसिंह दिवेकरांना टाकलं होतं. त्याला इलाज नव्हता. दिवेकर म्हणजे पडद्यावरचे पुण्याचे सुसंस्कृत नायक. पारितोषिक मिळणार असल्याची खात्री असल्याशिवाय असा माणूस मे महिन्यात सावद्याला पाऊल ठेवणार नाही, एवढं व्यवहारज्ञान हायस्कुलात चोवीस वर्षं मराठी शिकवूनही सरांपाशी शिल्लक होतं.

मंडळाच्या बाकी चार सदस्यांना मात्र दिवेकर नुसते 'पाहुणे' म्हणून येणार आहेत, एवढंच माहीत होतं. मतदान व्हायचं होतं. ते समारंभाच्या दिवशीच सकाळी घ्यायचं, म्हणजे बातमी फुटणार नाही, असा मंडळाचा ठराव होता. सरांना काळजी नव्हती. त्यांनी एकेकाला घरी बोलावून, शेवेची भाजी खाऊ घालून दिवेकरांच्या अभिनयाचे पैलू समजावून दिले होते. चौघांनीही माना डोलावल्या होत्या.

घोटाळा सुरू झाला तो नावांची यादी करायच्या बैठकीत. बैठक नेहमीप्रमाणे अध्यक्ष लखीचंदशेठ यांच्या कापडदुकानामागच्या खोलीत, गाद्यांवर बसून. यादीत तीन नावं आली. एक, पुण्याचे दिवेकर. दोन, एक कोल्हापूरचे. तीन, एक मुंबईचे विनोदी नट. तेवढ्यात केळीचे मोठे बागायतदार उखर्डू आबा यांनी भिंतीला टेकलेली पाठ सोडली.

"सर, एक सांगा मले. हिरो पुण्याचा, हिरोइन मुंबईची, पाटील कोल्हापूरचा. आपल्या खान्देशातून काय जातं सिनेमात?"

"केयी जाते," बैलबाजारातले दलाल नथ्थूभाऊ झोपे म्हणाले. "मागच्या सिनेमात तो कॉमेडीवाला सालीवरून घसरला ना? ती साल आपलीच."

"हसू नका, नथ्थूभाऊ," कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाई म्हणाल्या. "आपला झिपरू कोळी नाही का त्या सिनेमात? इथल्या पाल गावच्या जंगलात शूटिंग झालं तेव्हा त्याची बैलगाडी घेतली होती. हिरो त्याला रस्ता विचारतो. चांगला दिसतो हो पडद्यावर. आणि तोंड उघडतो तर काय? 'व्हय जी, म्होरं हाय गाव!' मागून भलत्याच कुणाचा तरी आवाज! आपल्याकडं सात पिढ्यांत कुणी 'म्होरं' म्हटलंय?"

"झिपरूची माय थेटरातच रडली," आबा म्हणाले. "म्हने, पोराले काय करून पाठवलं यायनं."

लखीचंदशेठ इतका वेळ गप्प होते. आता त्यांचाही बांध फुटला. "आणि आमचं काय हो? मारवाडी म्हटला की पडद्यावर सावकार! डोक्याला पगडी, हातात लाल वही, आणि कुणाची तरी जमीन खायला निघालेला. मी तीन पिढ्यांपासून लुगडी विकतोय. लुगडं विकणारा, साधा, पोटदुखीचा मारवाडी दाखवा ना कुणीतरी!"

"बायांचं तर बोलूच नका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आपण अभिनेत्रीला बक्षीसच ठेवलं नाही. का, तर म्हणे सगळ्याच सारख्या रडतात. हिरो रडला की तो अभिनय; बाई रडली की ते तिचं कामच!"

वाद भडकायची चिन्हं दिसली तसे सर पुढे सरसावले. दिवेकरांचं नाव पहिल्या क्रमांकावर सुखरूप होतं. अशा वेळी माणूस उदार होतो. खान्देशावर झालेल्या अन्यायाबद्दल ते दहा मिनिटं बोलले, अभिनेत्रीचा प्रश्न पुढल्या वर्षासाठी नोंदवून घेतला, आणि शेवटी म्हणाले, "यादीत चौथं नाव झिपरूचं घालू. नाव घालायला काय हरकत आहे?" सगळ्यांना गहिवरून आलं. झिपरूचं पडद्यावरचं आयुष्य एकूण सात सेकंदांचं होतं, पण ते कुणी काढलं नाही.

आता प्रश्न उरला मतदान कसं घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी हात वर करून मतं घेतली, तेव्हा दोन सदस्यांचं बोलणं सहा महिने बंद होतं. गेल्या वर्षी चिठ्ठ्या घेतल्या. पण निम्म्या गावाचं अक्षर सरांच्या ओळखीचं. चिठ्ठी उघडली की सर म्हणायचे, "आबा, तुमचा अजून ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच." गुप्ततेचं तिथंच वाटोळं व्हायचं.

"माझ्यावर सोडा," नथ्थूभाऊ म्हणाले. "बैलबाजारात लाखाचे सौदे आम्ही कसे करतो? उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबायची. शेजारच्याले कळत नाही. एक बोट म्हंजे पयलं नाव, दोन बोटं म्हंजे दुसरं. बोंबलायचं नाही, लिहायचं नाही."

हे सर्वांनाच पसंत पडलं. नथ्थूभाऊंच्या सचोटीबद्दल तर शंकाच नव्हती. वरणगावपासून रावेरपर्यंत त्यांच्या हातावर जनावरं विकली गेली होती, आणि उपरण्याखालची गोष्ट त्यांनी कधी बाहेर सांगितली नव्हती.

समारंभाच्या दिवशी सकाळी नऊला मतदान झालं. आधी लखीचंदशेठ बसले, मग आबा, मग प्रमिलाबाई. प्रत्येकाला अंमळ वेळच लागत होता. कपाळावर आठ्या, नथ्थूभाऊंचं हळूच नकारार्थी मान हलवणं, मग पुन्हा उपरण्याची सळसळ. चौथे सर बसले. त्यांनी नथ्थूभाऊंच्या तळव्यात ठामपणे एक बोट दाबलं.

नथ्थूभाऊंनी हात सोडला नाही. त्यांनी उलट दोन बोटं दाबली आणि सरांच्या डोळ्यांत पाहिलं.

सर गोंधळले. त्यांनी पुन्हा एक दाबलं. नथ्थूभाऊंनी मान हलवली, 'अहो, काय हे तुमच्यासारख्यानं' अशा चेहऱ्यानं सुस्कारा टाकला आणि तीन दाबली. ती नजर सरांना लागली. खान्देशावरच्या अन्यायाबद्दल दहा मिनिटं आपणच बोललो होतो, हे त्यांना आठवलं. बाकीची चार मतं खिशात आहेत. मग आपलं एक सहानुभूतीचं मत त्या गरीब झिपरूला पडलं तर बिघडतं कुठं? उलट उद्या कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगता येईल. सरांनी चार बोटं दाबली. नथ्थूभाऊंचा चेहरा उजळला आणि हात सुटला.

शेवटचं मत नथ्थूभाऊंचं स्वतःचं. ते त्यांनी आपलाच उजवा हात आपल्या डाव्या हातात घेऊन दिलं. तिथंही घासाघीस झाली असावी, कारण वेळ लागला.

मग ते उठून उभे राहिले. "चार नंबर. झिपरू कोळी. पाचापैकी पाच."

पाचही जण एकमेकांकडे चोरट्या नजरेनं बघत होते. सहानुभूतीचं एकच मत पडेल, ते आपलं, असा प्रत्येकाचा हिशेब होता. पण 'माझं मत मनापासून नव्हतं' असं झिपरूविरुद्ध म्हणायची कुणाची छाती होईना. उलट आबांनी टाळी वाजवली; मग सगळ्यांनाच वाजवावी लागली.

सरांनी नथ्थूभाऊंना कोपऱ्यात ओढलं. "भाऊ, मी एक बोट दाबलं होतं! तुम्ही वाढवत का नेलंत?"

"सगळ्यायनं एकच दाबलं व्हतं," नथ्थूभाऊ शांतपणे म्हणाले. "पण पयल्या बोलीत सोडायचं नसतं, सर. पयल्या बोलीत सोडलं तर समोरच्याले वाटतं, माल खोटा आहे. मी सगळ्यायले वर नेलं. तुमची यादी चारावर संपली. पाचवं नाव असतं ना, तर तिथंबी नेलं असतं."

"अहो, पण हे मतदान होतं! भाव नव्हता करायचा!"

"हात हातात आला की मले दुसरं काही सुचत नाही," नथ्थूभाऊ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"मग पुन्हा घेऊ."

"ते नाही जमायचं. हात सुटला की सौदा झाला. बैल माघारी आणता येतो, सर, शब्द नाही येत."

शब्द! सरांचा शब्द या वेळी भुसावळ स्टेशनावर उतरून लखीचंदशेठच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसत होता. पारितोषिक म्हणून जळगावहून करून आणलेला चांदीच्या मुलाम्याचा केळीचा घड सरांच्या घरी होता, आणि त्याच्या बैठकीवर 'जयसिंह दिवेकर' अशी सुबक अक्षरं कोरलेली होती.

दुपारी दिवेकर लखीचंदशेठच्या माडीवरच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले. बाहेर त्रेचाळीस डिग्री तापमान होतं. "किती प्रसन्न गाव आहे हो तुमचं," ते म्हणाले. "इथल्या केळीच्या बागा पाहून डोळे निवले." त्यांच्या बोलण्यातला एकेक 'ळ' इस्त्री करून घडी घातल्यासारखा होता. सरांना तर वर्गात खडूनं फळ्यावर उतरवून घ्यावं असं वाटलं. मग त्यांनी दार लावलं, देवाचं नाव घेतलं आणि सगळं सांगून टाकलं: पत्र, यादी, उपरणं, चार बोटं.

दिवेकर ऐकत राहिले. त्यांचा गोरा चेहरा आधी गुलाबी झाला, मग वांग्याच्या रंगाकडे झुकला. मग ते ताडकन उठले.

"म्हंजे? माले आठे बलाईसन बक्षीस त्या गाडीवालाले? शूटिंग सोडीसन उनू मी! रातभर मन्हा डोयाले डोया नही! सात सेकंदना नट तो, आनि मी काय आठे केया मोजाले उनू? कसाले बलायं मंग माले?"

आणि ते थांबले. खालच्या दुकानात कुणीतरी लुगडं फाडलं, ते वर ऐकू आलं.

"आपण..." सर खालच्या आवाजात म्हणाले, "आपण मूळचे कुठले?"

"पुण्याचा," दिवेकर म्हणाले. मग खुर्चीत बसले. मग म्हणाले, "खान्देशातलाच, शिंदखेड्याच्या अलीकडचा. चौदा वर्षं झाली सांगितलं नाही कुणाला."

"पण का?"

"पहिल्या निर्मात्यानं मला तोंड उघडायला लावलं, दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, 'चेहरा नायकाचा आहे, बोलणं नोकराचं.' मी पुण्यात एका निवृत्त शास्त्रीबुवांकडे दोन वर्षं 'ळ' घोटला, सर. रोज सकाळी शंभर वेळा. नावही तिथंच बदललं."

"आधीचं काय होतं?"

"ते नका विचारू. तुमच्या झिपरूपेक्षा बरं नव्हतं."

सर एकदम उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे समारंभ उभा राहिला: आपण माईकपाशी जाऊन जाहीर करतोय, गाव टाळ्यांनी दणाणतंय, मंडळ एका मिनिटात मत बदलतंय. "अहो, मग प्रश्नच मिटला! मी आत्ता खाली जाऊन..."

दिवेकरांनी त्यांचा दंड धरला. "सर, पाया पडतो. पुढच्या सिनेमात मी सदाशिव पेठेतला संस्कृतचा प्राध्यापक आहे. हे बाहेर फुटलं तर ते मला त्या प्राध्यापकाच्या टांग्यावर बसवतील. तुम्ही मला एक शब्द दिलात, तो मोडला. राहू द्या. हे कुणाला सांगणार नाही, हा एक तरी पाळा. पारितोषिक मी माझ्या हातानं देतो त्याला, तक्रारीचा चकार शब्द काढणार नाही."

सकाळपासून गेलेली अब्रू परत मिळवायचा एवढाच एक रस्ता होता, आणि तो नेमका गप्प बसण्याचा होता. सर मराठीचे मास्तर. गप्प बसणं त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

"दिला शब्द," ते म्हणाले.

संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या पटांगणात समारंभ झाला. घडाच्या बैठकीवर झेंडूचा जाड हार गुंडाळून नाव झाकलं होतं. दिवेकरांनी स्वच्छ, घोटीव मराठीत झिपरूचं कौतुक केलं आणि घड त्याच्या हाती दिला. झिपरू नव्या सदऱ्यात घामाघूम झाला होता. माईकपुढे तो एवढंच बोलला, "मी काही केलं नाही. बैल बरोबर चालले, मी नुसता बसलो व्हतो. पण तो आवाज माहा नाही. माहा आवाज हा आहे. आतां ऐकून घ्या." पटांगण हसलं, मग उगीचच गप्प झालं. दिवेकर रुमालानं डोळे पुसताना दिसले. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पाहा, यायले म्हनतात अभिनय!"

दोन दिवसांनी मंडळाची बैठक भरली. सगळे खुशीत होते. दिवेकरांनी जाताना सर्वांना नमस्कार केला होता, शेठच्या आईच्या पायांना हात लावला होता, आणि पारितोषिक हुकल्याची एक रेघ चेहऱ्यावर दिसू दिली नव्हती.

"मन मोठं लागतं त्याले," उखर्डू आबा म्हणाले. "कितीबी म्हना, पुण्याचे संस्कार ते. आपला खान्देशी असता ना, तर खुर्ची फेकून मारली असती. आपल्याले कुठी असा राग गियता येतो?"

"अगदी खरं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "शिव्याच दिल्या असत्या."

सर खाली मान घालून सतरंजीचे धागे ओढत होते.

"पुढल्या वर्षी त्यांनाच देऊन टाकू," लखीचंदशेठ म्हणाले. "शोभतं त्यांना."

"नाही, शेठ!" आबांनी मांडीवर थाप मारली. "झिपरूनं डोये उघडले आपले. त्या लोकायले बक्षीसं द्यायले पुनं-मुंबई आहे. आतां नियमच करा. आपलं बक्षीस यापुढं फक्त खान्देशी मानसाले. मंजूर?"

सगळ्यांनी मंजूर म्हटलं. नथ्थूभाऊ उपरण्याकडे हात नेत होते, पण प्रमिलाबाईंनी डोळे वटारले तसे तेही नुसतेच मंजूर म्हणाले.

"मग ते दिवेकर कायमचे बाद," लखीचंदशेठ हळहळले. "वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. सर, तुमचं काय मत?"

चौघांनी सरांकडे पाहिलं. सरांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सर्वानुमते," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.