मुखियाचं भाषांतर

साहित्यिक कार्यक्रमात साहित्य घडण्याचा धोका कायम असतो. तो टाळायला अनुभवी संयोजक लागतात. वडगाव रासाईच्या आमच्या भीमातीर साहित्य प्रतिष्ठानाकडे असा अनुभव भरपूर आहे. आजवर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार आणि सत्कारांच्या शाली घड्या घालून परत देणे, एवढ्यातच आम्ही वेळ संपवत आलो. वक्त्याला बोलायला वेळ उरला, असं एकदाच झालं. तेव्हा लाइट गेली (ती आम्ही घालवली नव्हती).

यंदा घानाच्या नामवंत कादंबरीकार अकुआ मेन्साबाई पुण्याला आल्या होत्या. आमचे संस्थापक अध्यक्ष पोपटराव यांनी त्यांच्यासाठी गाडी पाठवली. पोपटरावांचा वाळूचा व्यवसाय आहे. नदीवर त्यांचं इतकं प्रेम, की ते तिला थोडी थोडी करून घरी आणतात.

घोटाळा एवढाच झाला, की सत्काराला उत्तर देण्याऐवजी बाईंनी सरळ पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या.

भाषांतराला सारिका मॅडम होत्या. त्या पोपटरावांच्याच कॉलेजात इंग्रजी शिकवतात, दरवर्षी नव्या ऑर्डरवर. (कायम करण्याची त्यांची फाइल अध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोचली होती. सहीच राहिली होती.) बाई दोन वाक्यं वाचत, मॅडम ती मराठीत सांगत.

"नदीकाठच्या एका गावात एक मुखिया होता. त्यानं नदीतली वाळू उपसून विकली, आणि मग नदीच्याच नावानं संस्था काढली."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या बाई हितं कवा राहायला व्हत्या?"

सगळा मंडप हसला. प्रमुख पाहुणेही हसले. मग त्यांनी त्याचा खोकला केला.

पोपटराव मॅडमकडं झुकले. "मॅडम, त्यो मुखिया चांगला हाय का?"

"नाही, सर."

"मग करा की चांगला. भाषांतर आन् कशाला म्हंत्यात?"

मॅडम पाणी प्यायल्या. पुढच्या वाक्यापासून मुखिया सुधारू लागला. त्यानं झाडं लावली. शाळेला खोल्या दिल्या. मेन्साबाईंचा आवाज चढत होता. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, मॅडम म्हणाल्या, "मुखियानं रक्तदान शिबिर घेतलं."

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून धुरपदाबाई उठल्या. त्यांचं रान नदीला लागून आहे. त्यांच्या विहिरीतून आता पाण्याऐवजी, मारलेली हाकच तेवढी परत येते.

"मास्तरीणबाई, मगा तर त्यो वाळू चोरत व्हता. एवढ्यात सुधारला कसा? मधलं पान उडालं का काय?"

मेन्साबाईंनी मॅडमना विचारलं, त्या काय म्हणतात? मॅडमनी सांगितलं. बाईंनी पुस्तक खाली ठेवलं आणि मॅडमकडं नुसतं पाहिलं. रागानं नाही; वाट पाहतात तसं. मॅडमनी एकदा अध्यक्षांकडं बघितलं. मग माइक जवळ ओढला.

"पान उडालं नाही, मावशी. मी बदललं. मुखियानं झाडं लावली नाहीत. वाळू उपसून नदीत खड्डे पडले. धुणं धुवायला गेलेली एक पोरगी त्यातल्या एका खड्ड्यात बुडाली. तिचा पाय घसरला, असं मुखियानं कागदावर लिहून घेतलं."

या वेळी कुणी हसलं नाही. धुरपदाबाई तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

पोपटरावांचं प्रसंगावधान वाखाणण्यासारखं. ते उठले आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. "घानात परिस्थिती लई वाईट हाय, मंडळी! आपलं प्रतिष्ठान घानाच्या जनतेच्या पाठीशी खंबीरपणे उभं ऱ्हाईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव एकमतानं मंजूर झाला. बाईंना दुसरी शाल घातली.

पुढच्या वर्षी सारिका मॅडमची ऑर्डर निघाली नाही. भाषांतराला पूर्ण वेळ मिळावा, म्हणून संस्थेनं त्यांना मोकळं केलं. धुरपदाबाई तेवढ्या त्यांच्या घरी जाऊन आल्या.

"खरं सांगितलंस, पोरी."

"उशिरा सांगितलं, मावशी."

बाकी गावानं हळहळ व्यक्त केली, आपापल्या घरी, दार लावून.

रसिक वाचकहो, आपणही वर एक-दोनदा हसला असाल, एकदा गप्प झाला असाल, आणि आता आपल्याला थोडं वाईट वाटत असेल. अभिनंदन! आमच्या प्रतिष्ठानाच्या आजीव सभासदत्वाला एवढीच पात्रता लागते.