उपदेशाचा केर

उपासना संपली की न ऐकलेला उपदेश बाकांखाली पडलेला असतो. हन्नाबाई तो झाडून गोळा करतात आणि मी तोलतो. सोनवडीच्या ख्रिस्ती मंडळीचा मी नऊ वर्षं चिटणीस आहे. त्याआधी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होतो, त्यामुळे वजनात मी एका ग्रॅमचाही फरक पडू देत नाही.

ज्यांनी हा केर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला बाजरीच्या भुशासारखा असतो, हाताला खरखरीत लागतो, आणि उजेडात धरला तर वाक्यं वाचता येतात. त्यात शास्त्रवचनंही असल्यामुळे तो जाळता येत नाही. हन्नाबाई सूप घेऊन वचनं निवडतात आणि व्यासपीठाच्या खणात परत ठेवतात, कारण वचन पुन्हा वापरता येतं. उरलेलं पोत्यात भरून घंटेच्या खोलीत जातं.

आमच्या धर्मप्रांताच्या नियमाप्रमाणे दर रविवारी दोन किलोपर्यंत केर चालतो. सलग दीड वर्ष त्याहून जास्त निघाला तर तपासनीस येतात, आणि त्यांच्यासमोरही तसाच निघाला तर पाळकाला व्यासपीठावरून उतरवून कचेरीत टपालाच्या टेबलावर बसवतात. तिथून परत आलेला पाळक माझ्या पाहण्यात नाही.

पाळक थियोफिल उजागरे आमच्याकडे आले त्या पहिल्याच रविवारी साडेचार किलो निघाला. माणूस सोन्यासारखा. उपदेश करायला मिळावा म्हणून बँकेतली नोकरी सोडून आलेला. पण उपदेशाला तीन मुद्दे, दर मुद्द्याला तीन पोटमुद्दे आणि मधूनमधून ग्रीक. ग्रीक वजनाला फार भरतं. तिसरा मुद्दा तर कित्येकदा अख्खा सापडायचा, घडीही न मोडलेला.

वर्षभर त्यांनी नाना उपाय केले. आवाज चढवून पाहिला; केर लांबवर उडाला, कमी झाला नाही. मग विनोद घातले. लोकांनी विनोद घरी नेले आणि उपदेश तेवढा ठेवून गेले. मी बाहेरून गंभीर राहिलो, पण मनातून वाईट वाटत होतं. चांगल्या माणसाचं बोलणं दर रविवारी पोत्यात भरताना कुणाला बरं वाटेल?

एका सोमवारी मी नोंदवही घेऊन गेलो तर पाळकसाहेब पायरीवर हन्नाबाईंच्या शेजारी बसलेले. समोर सूप.

"यातलं कुठलं वाक्य कुठं पडलं ते सांगता येईल का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"आता बाई! तीस वर्षं झाडतेय मी," हन्नाबाई म्हणाल्या. "ह्ये बगा, 'दुःखातही आनंद माना'. ह्ये कसोट्यांच्या बाकाखाली. पोरगी माघारी आली ना त्यांची सासरहून, तवापासून तिथंच पडतंय."

"म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचत नाही?"

"पोचत नाय कसं? पोचतंय म्हणून तर तिथं पडतंय. घेता येत नाय त्यांना. तुमी कवा इचारलं का, का घेता येत नाय म्हणून?"

पाळकसाहेब उठले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, ते वाक्य त्यात बांधलं आणि सायकल काढून कसोट्यांकडे गेले.

त्या दिवसापासून तोच क्रम झाला. रविवारी केर पडायचा, सोमवारपासून पाळकसाहेब रुमालात एकेक वाक्य घेऊन दारोदार. "सलाम. हे तुमच्या बाकाखाली सापडलं. काय अडलं, तेवढं सांगाल का?" सुरुवातीला लोक ओशाळले. चोरीचा माल दारात आल्यासारखं वाटायचं त्यांना. मग बोलायला लागले. कसोट्यांची मुलगी म्हणाली, आनंद मानते पाळकसाहेब, पण आधी मला रडू तरी द्या. एसटीतून निवृत्त झालेले शेलार ड्रायव्हर म्हणाले, नीतिमान ठरणं म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही आणि या वयात विचारायची लाज वाटते. पाळकसाहेब वाद घालत नसत. ऐकून घेत, आणि पुढच्या रविवारी तेवढंच बोलत. केर तीन किलोंवर आला, मग अडीचवर. पण नियम दोनचा होता, आणि दीड वर्ष भरलं. प्रांताचं पत्र आलं.

तपासणीच्या आदल्या गुरुवारी पाळकसाहेब रुमाल घेऊन माझ्याकडे आले. मला राग आला. चिटणिसाच्या बाकाखाली केर?

"हा रविवारचा नाही, भाऊसाहेब. वहिनींच्या अंत्यविधीचा आहे. तो तोलायचा नसतो, म्हणून हन्नाबाईंनी बाजूला ठेवला होता."

रुमालात एकच वाक्य होतं. 'मरण म्हणजे नुसतं एक दार आहे.' माझी बायको जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

"काय अडलं?" त्यांनी हळू विचारलं.

"दार असेल," मी म्हणालो, "तर मग मला तिची साधी चाहूलही का लागत नाही?"

एखाद्या दुसऱ्याने मला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. ते म्हणाले, "मला माहीत नाही." आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. चहा मीच केला. बिघडला होता, तरी त्यांनी प्यायला.

रविवारी तपासनीस आढावसाहेब सीलबंद काटा घेऊन आले आणि मागच्या बाकावर बसले. उपदेश अकरा मिनिटांचा झाला. मुद्दे नव्हते. पाळकसाहेब म्हणाले, "मी याच जागेवरून म्हणालो होतो की मरण म्हणजे नुसतं एक दार आहे. ज्याच्या तोंडावर ते दार बंद झालंय त्याला असं सांगायचं नसतं. मला माफ करा. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा उठवणार हे येशूला ठाऊक होतं. तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो तिला समजावत बसला नाही. येशू रडला."

लोक गेल्यावर हन्नाबाईंनी झाडू फिरवला. दोनदा फिरवला. सुपलीत एक हेअरपिन आली. बाकी काही नाही.

आढावसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. "शून्य केर एकाच परिस्थितीत धरता येतो," ते म्हणाले. "उपदेश झालेला नसताना. मला तसं लिहावं लागेल, आणि मग यांना टपालाच्या टेबलावर जावं लागेल."

"पण तुम्ही स्वतः इथं बसला होता, साहेब," मी म्हणालो.

"माझं बसणं हा पुरावा होत नाही. प्रवासानं दमलो होतो, डोळा लागला."

"मी पुन्हा बोलून दाखवू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तो दुसरा उपदेश धरला जाईल. पहिल्यातलं काही असेल तर काट्यावर ठेवा."

लोक तर आपापलं वाक्य घेऊन घरी गेले होते. आत आम्ही चौघंच. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली, मला संकोच नको म्हणून. मला काय करायचं ते कळत होतं, पण हात उचलेना. चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याजवळ काही टिकलं होतं, आणि तेही तासाभरापूर्वीचं. ते काट्यावर ठेवलं म्हणजे गेलं, असंच मी धरून चाललो होतो. पण हा माणूस गेला तर दुसऱ्या कुणाच्या घरी असा बसायला कोण जाणार? मी 'येशू रडला' हे वाक्य काढलं आणि पारड्यात ठेवलं.

काटा तीन ग्रॅमवर स्थिरावला. आढावसाहेब चष्मा लावून वाचायला वाकले. दोन शब्द वाचायला लागेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ ते वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा पारडं रिकामं होतं आणि काटा शून्यावर.

"तुमचं कोण गेलं?" त्यांनी मला विचारलं.

"बायको."

"माझा थोरला," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली."

मग त्यांनी नोंदवही ओढून घेतली. 'उपदेश झाला. केर निरंक. पाळक राहावेत,' असं लिहून सही केली, काटा पेटीत भरला आणि निघाले. दारापर्यंत जाऊन थांबले.

"भाऊसाहेब, तुमचं वाक्य माझ्याकडे आलंय. परत हवं का?"

मी चाचपून पाहिलं.

"राहू द्या, साहेब," मी म्हणालो. "माझं माझ्याजवळच आहे."