बिराजदार सरांचा काळा तुकडा

आमचे बिराजदार सर लग्नात नवरदेवाच्या कोटावर बॅटरी मारतात. माझ्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात मारली. कोट चांगला काळाभोर, मापाने शिवलेला. सर वाकून बघत म्हणाले, "चकाकतोय मॅडम. ह्याला काळा म्हनत न्हाईत." व्याह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हैस, छत्री, माझे रंगवलेले केस, सरांनी आजवर कशालाच पास केलेलं नाही.

लातूरच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवतात, मी केमिस्ट्री. त्यांना ध्यास एकच. कुठल्याही रंगाचा उजेड पडो, तो परत पाठवणार नाही असा पदार्थ करायचा, आणि तोही धातूचा कण न घालता. "धातू लई लबाड. निळा गिळतो, तांबडा परत करतो." म्हणून तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा, कोळसा घ्यायचा, खळीत कालवायचा आणि त्याचे डोळ्याला न दिसणारे सुळके दाटीने उभे करायचे. "उभ्या तुरीत करडू शिरलं की भायेर येतं का? तसाच उजेड." या नादात सरांनी पट्टा सोडून नाडी धरली. प्रयोगशाळेत शिरताना माझ्या पाटल्याही उतरवायला लावतात.

किती उजेड परत येतो ते मोजणारं तपासणीचं मशीन नांदेडला. तारीख मिळता मिळता वर्ष गेलं. निकाल चांगला आला नाही तर प्रयोगशाळेची खोली ट्यूशनला देऊ, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. सरांनी केलेल्या बाकीच्या तुकड्यांचे सुळके मोडले. धड असा एकच उरला, बिस्किटाएवढा. बोट लागलं की तोही संपला.

तो डबीत घेऊन आम्ही एसटीत बसलो. खड्डा आला की सर डबी दोन्ही हातांनी वर धरायचे. घामाने सदरा भिजला होता. "मॅडम, जरा हळू श्वास घ्या," म्हणाले. आता काय बोलावं या माणसाला!

अहमदपूरला शेजारी एक बाई बसली. मांडीवर तान्हं बाळ, ओठ निळसर. त्याच्या काळजाला छिद्र होतं, नांदेडला ऑपरेशन होतं, नवरा आधीच पुढं गेलेला. गाडी सुटल्यावर तिला आठवलं, काजळाची डबी घरीच राहिली. बिनतिटीचं लेकरू दवाखान्यात कसं न्यावं म्हणून ती रडायलाच लागली. "समदे बघून राहिलेत हो त्याच्याकडं."

सरांनी आपली डबी उघडली. मी त्यांचा हात धरला. "सर, आज तपासणी आहे."

"ठाव हाय," म्हणाले, आणि करंगळी तुकड्यावरून फिरवली. बाळाच्या कपाळाला, गालाला, तळपायाला तीट लावली.

"धातू न्हाई ह्याच्यात, बाळाला बाधायचं न्हाई," ते बाईला म्हणाले. "आन् नजर कसलीबी असू द्या, ह्याच्यात गेलेली परत निघत न्हाई."

बाईने पदराने डोळे पुसले. "तुमाला किती लेकरं, भाऊ?"

"एक होतं," सर म्हणाले.

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. मला हे माहीत नव्हतं.

नांदेडला मशीनकडे मी एकटीच गेले, तो मोडका तुकडा घेऊन. सर त्या बाईबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसले होते, डॉक्टर कधी बाहेर येतात ते बघत.