टॉवेलवाली खुर्ची

बरकतपुऱ्यात दिगंबरकाकांच्या दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "हुद्दा?" उत्तर दिल्याशिवाय बसायचं नाही. अधिकारी असाल तर हातांची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, कचेरीत साहेबांची असते तशी. कारकुनाला तीच खुर्ची, पण टॉवेल काढून. दुकानदाराला स्टूल.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला राहतो. त्यानं "सीनियर कन्सल्टंट" सांगितलं तेव्हा काका अडले.

"कागदावर सही कुणाची चालते? तुमची का वरच्याची?"

"वरच्याची."

"मग टॉवेल नक्को." त्यांनी टॉवेलाची शांतपणे घडी घातली. तोवर तो बिचारा उभा.

मला कायम स्टूल. मलकपेठेत जुन्या फर्निचरचं माझं दुकान आहे. अर्ध्या शहराला मी खुर्च्या विकल्या आणि इथे मला तीन पायांचं डुगडुगतं स्टूल! मागच्या वर्षी काका राहतात तोच फ्लॅट मी विकत घेतला. आता मालक मी, भाडेकरू ते. तरी दारात तेच, "ये शंकर, स्टूल घे."

यंदा कराराची मुदत संपली. दोन महिन्यांत घर रिकामं करा, असं सांगायचं ठरवूनच मी गेलो. काकांनी तोंड उघडायच्या आत टॉवेलवाल्या खुर्चीत जाऊन बसलो.

"आज इथेच बसणार," मी म्हणालो. "घर माझं आहे."

मला वाटलं, भांडतील. मी तयारीनं आलो होतो. पण काका पलंगावरून उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि हात पुढे बांधून उभे राहिले.

"हौ साहेब."

पंच्याहत्तरीचा माणूस.

"काका, बसा हो."

"राहू द्या, साहेब."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या, "यांना नोकरीला लागून महिना झाला होता. साहेब नाहीत बघून यांनी त्यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं. तेवढ्यात साहेब आले. सगळ्या कचेरीसमोर कॉलर धरून उठवलं. माझे सासरे तेव्हा डबा घेऊन दारात उभे होते."

काका खाली बघत म्हणाले, "म्हणून मी आधीच विचारतो, साहेब. एकदा बसलेल्या माणसाला उठवू नये."

मी पुन्हा म्हणालो, बसा. ते हलले नाहीत. माझा मूळचाच तापट स्वभाव. मी ओरडलो, "बसा म्हणतो ना!"

ते चटकन बसले, पलंगाच्या अगदी कडेला, पाठ ताठ करून.

दुकानातल्या पोरांवर मी दिवसभर याच आवाजात ओरडतो. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, पुढच्या हुकमाची वाट पाहत.